शिवार बघून बाजार करा

पूर्णा तालुक्याला काळी कसदार जमीन आहे. अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली पूर्णा नदी इथे येऊन शहराच्या दक्षिणेला गोदावरीला मिळते. साठच्या दशकात येलदरी आणि सिद्धेश्वर धरणं झाली, कालवे आले, बागायत वाढली. अशा मुलखातल्या माणसाला ‘आपल्या शिवारात पिकतं ते खा’ असं वेगळं सांगायची वेळ यायला नको होती. पण ऑगस्टमध्ये गावाबाहेर एक फेरी मारून बघा. नजर जाईल तिथवर सोयाबीन आणि कापूस, कालव्याच्या अंगाला ऊस, हळद, केळी. सोयाबीन तेलगिरणीला जातं, कापूस जिनिंगला, ऊस कारखान्याला, केळीचे घड ट्रकने बाहेर. यातलं आपल्या स्वयंपाकघरात सरळ येतं ते फार थोडं. चारी बाजूंनी शेती आणि ताट मात्र बाहेरगावच्या मालावर भरलेलं, अशी आपली गत झाली आहे.

याचा दोष शेतकऱ्याला देता येणार नाही. ज्याला गिऱ्हाईक आहे तेच तो पेरणार. आपण ज्वारी मागणं सोडलं, करडईचं तेल मागणं सोडलं, अंबाडी आणि चाकवत ‘कोण निवडत बसणार’ म्हणून सोडले, आणि हळूहळू ते शिवारातूनही कमी झाले. म्हणून हा लेख खाणाऱ्यांसाठी आणि बाजाराची पिशवी हातात घेणाऱ्यांसाठी आहे. काय घ्यावं, कधी घ्यावं, कसं टिकवावं आणि त्यातून नेमकं मिळतं काय, एवढंच इथे सांगायचं आहे.

फायदा कशाचा आणि किती

पहिला फायदा ताजेपणाचा. पालेभाजी उपटली की तिच्यातलं पाणी आणि क जीवनसत्त्व कमी व्हायला लागतं. उन्हाच्या दिवसांत उघड्यावर पडलेल्या पालकातलं क जीवनसत्त्व दोन-तीन दिवसांत बरंचसं निघून जातं. जवळच्या मळ्यातून पहाटे उपटलेली मेथी सकाळी बाजारात आणि दुपारी कढईत येते. लांबून आलेल्या भाजीचा एक दिवस गाडीत जातो, एक आडतीत आणि एक विक्रेत्याच्या टोपलीत. वर पाणी शिंपडलं की दोन्ही जुड्या सारख्याच टवटवीत दिसतात, पण आतला माल सारखा राहिलेला नसतो.

दुसरा फायदा पैशाचा. ज्या आठवड्यात एखादी भाजी शिवारात भरभरून निघते, त्या आठवड्यात ती सर्वांत स्वस्त असते आणि सर्वांत चांगलीही असते. मेथी जानेवारीत घ्या आणि जुलैत घ्या, भावातला फरक स्वतःच दिसेल. कमी पैशात चांगलं खायचं असेल तर हंगाम धरून खाण्याइतका सरळ उपाय नाही. हातावर पोट असलेल्या घराला तर याचा उपयोग सर्वांत जास्त.

फळांच्या बाबतीत आपली समजूत फार उलटी झाली आहे. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण सफरचंद नेतो. काश्मीर-हिमाचलचं सफरचंद ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास उतरवतात. पुढच्या उन्हाळ्यात जे विकायला येतं ते बहुतेक शीतगृहातून निघालेलं असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत शंभर ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व आहे 4 मिलिग्रॅमच्या आसपास. पेरूत ते 200 मिलिग्रॅमच्या वर आहे आणि आवळ्यात 250च्या जवळ. पेरू हिवाळ्यात आपल्याकडे गल्लीत ओरडत विकायला येतो. आजाऱ्याला तो चावत नसेल तर चमच्याने गर काढून द्या. सफरचंद वाईट फळ आहे असं मला म्हणायचं नाही. पण दवाखान्याच्या दारात पेरूवाल्याकडे पाठ फिरवून दुप्पट पैसे मोजण्याला काही कारण नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. स्थानिक अन्नाने वाहतूक वाचते आणि म्हणून पर्यावरण वाचतं, असं फार ठासून सांगितलं जातं. अन्नामुळे होणाऱ्या एकूण प्रदूषणात वाहतुकीचा वाटा साधारणपणे लहान असतो. अन्न कोणतं आणि ते कसं पिकवलं, यावर बाकीचं बरंच ठरतं. जवळचं पण बिनहंगामी, औषधांचे फवारे मारमारून कसंबसं जगवलेलं पीक काही पुण्याचं होत नाही. म्हणून ‘स्थानिक’ आणि ‘हंगामी’ हे दोन्ही एकत्र धरायचे. आणि बाहेरून आलेलं सगळं टाकाऊ हेही खरं नाही. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्याने परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. ती भाकरी कुणाला आवडली नाही, पण तिने माणसं तगवली. शिवार रिकामं पडतं तेव्हा दूरचं धान्य घ्यावंच लागतं. पोटाला आधार म्हणून ते असावं. शिवार भरलेलं असताना त्याच्याकडे डोळेझाक करून लांबचं घेणं, एवढंच मला खटकतं.

आधी ज्वारी

पूर्णेच्या ताटात काही एक बदल करायचा असेल तर तो भाकरीपासून करावा. पालेभाजी आठवड्यातून दोनदा येईल, फळ कधी मिळेल कधी नाही, पण धान्य रोज दोन वेळा पोटात जातं.

ज्वारीबद्दल हल्ली खूप बोललं जातं. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष जाहीर केलं तेव्हापासून तिला शहरात मानही मिळाला आहे. त्याबरोबर काही अतिशयोक्तीही आली. ज्वारी हे मधुमेहाचं औषध नाही. अख्ख्या गव्हाच्या पिठाशी तुलना केली तर लोह आणि तंतुमय पदार्थ यांत ज्वारी त्याच्या जवळपासच आहे, फार पुढे नाही. खरा फरक पडतो तो पांढऱ्याशुभ्र पॉलिश तांदळाशी आणि मैद्याशी. शंभर ग्रॅम ज्वारीत तंतू साधारण 10 ग्रॅम, पॉलिश तांदळात 3 ग्रॅमपेक्षा कमी. लोह ज्वारीत 4 मिलिग्रॅमच्या आसपास, तशा तांदळात 1 मिलिग्रॅमही नाही. ज्या घरात दोन्ही वेळा भात आणि सकाळी पाव-बिस्किट चालतं, तिथे एक वेळची भाकरी पोटाला, रक्ताला आणि खिशाला लगेच मानवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019–21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. एकट्या भाकरीने तो जाणार नाही, पण भाकरी, हिरवी पालेभाजी, डाळ आणि वरून पिळलेलं लिंबू असं जेवण रोज मिळालं तर मोठा आधार होतो. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतलं लोह अंगी जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी लागतं. आपल्याकडे भाकरी-भाजी झाली की चहाचं आधण ठेवायची सवय आहे. ती तासभर पुढे ढकलावी.

या धान्याचं मोठं काम आपल्या शेजारीच झालं आहे. परभणीचं कृषी विद्यापीठ 18 मे 1972 ला स्थापन झालं, पुढे त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. रब्बीसाठी परभणी ज्योती, परभणी मोती, परभणी सुपरमोती हे ज्वारीचे वाण तिथले. 2018 मध्ये आलेली परभणी शक्ती ही खरिपाची ज्वारी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर काढली. दाण्यात लोह आणि जस्त जास्त असावं म्हणून मुद्दाम घडवलेला ज्वारीचा हा देशातला पहिला वाण. पूर्णेहून रेल्वेने थोड्याच वेळात पोचता येईल अशा गावात हे घडलं. आपण मात्र दुकानात ‘मल्टिग्रेन’ लिहिलेली पिशवी शोधतो.

भाकरी जमत नाही, मोडते, ही तक्रार घरोघर असते. हात नवा असतोच, पण बहुतेक वेळा पीठ जुनं असतं. ज्वारीचं पीठ दळून पंधरा दिवस झाले की त्याची विरी जाते आणि काठ फाटतात. म्हणून ज्वारी वर्षाची भरा, पण दळण आठ-दहा दिवसांचंच आणा. गव्हात जो चिकटा असतो तो ज्वारीत नसतो, म्हणून पाणी चांगलं उकळतं घ्यायचं. त्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि गोळा धरून राहतो. पाणी घालून चमच्याने हलवा, झाका, पाच मिनिटांनी तळहाताने जोर लावून मळा. एका वेळी एका भाकरीपुरतंच पीठ मळून थापा. हे चार दिवस केलं की हात बसतो. आणि तो घरातल्या पुरुषांचाही बसायला हवा. हंगामी स्वयंपाकाचा सल्ला देताना त्यातलं सगळं निवडणं, धुणं, थापणं बायकांच्या वाट्याला जातं, हे विसरून चालत नाही. मेथीच्या चार जुड्या निवडायला अर्धा तास जातो. टीव्ही बघता बघता सगळ्यांनी मिळून निवडल्या तर तो अर्धा तास कुणा एकीचा राहत नाही.

थंडीचे तीन महिने

दसरा-दिवाळीत सीताफळ आणि ओल्या भुईमुगाच्या शेंगा येतात तिथून आपल्या खाण्याचा सुगीचा काळ सुरू होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने पूर्णेच्या बाजारात जे येतं ते वर्षभरातलं सर्वोत्तम असतं. वर्षाचा भाजीवरचा खर्च हात राखून करायचा असेल तर इतर महिन्यांत राखा, या महिन्यांत नको.

या दिवसांतल्या कितीतरी भाज्या शेतीच्या कामातूनच निघतात. हरभरा वीतभर झाला की त्याचे शेंडे खुडतात. खुडल्याने झाडाला फांद्या फुटतात आणि घाटे वाढतात, आणि खुडलेल्या शेंड्यांची आंबूस भाजी होते. ती कोवळी खा, तेल-मीठ-कांदा घालून कच्चा घोळाणाही करा, आणि जास्त आली तर सावलीत वाळवून ठेवा. वाळलेली हरभऱ्याची भाजी उन्हाळ्यात डाळ घालून शिजवली तर ताजीपेक्षाही रुचकर लागते. करडईची रोपं दाट झाली की विरळणी करावी लागते. त्या उपटलेल्या रोपांची भाजी काटे यायच्या आधी, चार-सहा पानांवर असतानाच खायची. शहरातली मंडळी ‘मायक्रोग्रीन’ म्हणून डबीत विकत घेतात, त्याहून ही भाजी कितीतरी स्वस्त आणि चवीला खमकी. बाजारात ती थोडेच दिवस दिसते. दिसली की घ्या, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडा, किंवा सोले काढून आमटी करा. हरभऱ्याचे ढाळे आले की मुलांना चिप्सच्या पाकिटाऐवजी एक ढाळा हातात द्या. सोलून खाण्यात त्यांचा वेळ जातो आणि पोटात प्रथिनं जातात. जाळावर भाजलेला हुळा तर लहानथोर सगळ्यांचा. मेथी, पालक, चाकवत, चुका, शेपू, मुळा, गाजर, वाटाणा, वांगी, टोमॅटो हे सगळं या दिवसांत स्वस्त आणि भरपूर. बाजारात पालेभाज्या आल्या की दोन वेगवेगळ्या जुड्या घ्यायच्या, एकच नको, एवढा नियम ठेवला तरी पुरे. 2024 च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेने मोठ्या माणसासाठी दिवसाला भाज्या आणि फळं मिळून 500 ग्रॅम सुचवली आहेत. बाकीच्या वर्षात हा आकडा गाठणं अवघड वाटतं. जानेवारीत ते सहज जमतं.

आणि हुरडा. रब्बी ज्वारीचं कणीस दुधात भरून दाणा अजून मऊ असतो, ते दिवस जेमतेम दोन-तीन आठवड्यांचे. गुळभेंडीसारखे जुने वाण हुरड्यासाठी नावाजलेले. परभणी विद्यापीठानेही परभणी वसंत हा खास हुरड्याचा वाण काढला आहे. हल्ली हुरडा पार्टीची तिकिटं निघतात, गाड्या भरून लोक लांबवर जातात. पूर्णेकरांनी त्यापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून ठेवावं, चार घरांनी मिळून जावं, कणसांचे पैसे नीट मोजून द्यावेत. त्या पैशाने त्याला ज्वारीच्या दोन ओळी पुढच्या वर्षी जास्त पेराव्या वाटतील. सोबत तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, लसूण, गूळ, दही. हुरडा जड असतो, रात्री पोटभर खाऊ नका, आणि त्यावर लगेच गार पाणी पिऊ नका असं जाणती माणसं सांगतात, ते ऐकावं.

भोगीची भाजी आणि संक्रांतीचं वाण याच दिवसांत येतं. वाणात हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचे करवे, गाजर, गव्हाच्या लोंब्या असतात, म्हणजे त्या आठवड्यात शिवारात जे आहे ते सगळं. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याच्या सोळा भाज्या भाद्रपदातल्या. महाशिवरात्रीला कवठ येतं, अक्षय तृतीयेपर्यंत आंबा तोंडात घालत नाहीत. हे सगळे आपल्याकडे पाळले जाणारे नेम. त्यांच्यामागची श्रद्धा ज्याची त्याने ठरवावी. पण बाजारात काय कधी घ्यायचं याची यादी म्हणून हे सण आजही चोख आहेत, आणि नव्या सुनेला किंवा जावयाला ती पाठ करणं कठीण नाही.

पावसाळा आणि रानभाज्या

जून ते सप्टेंबर बाजारातली पालेभाजी महाग आणि चिखलाने भरलेली असते. तेव्हा तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही. या दिवसांत वेलावरच्या भाज्या घ्या: दोडका, कारलं, काकडी, भोपळा, सोबत भेंडी आणि गवार. भेंडीतला परभणी क्रांती हा वाण परभणीच्याच विद्यापीठाचा, पिवळ्या शिरांच्या रोगाला तोंड देण्यासाठी काढलेला, आणि तो देशभर लावला गेला. पोळ्याच्या सुमाराला नवा मूग आणि उडीद येतो. मोड आलेला मूग ही पावसाळ्यातली सर्वांत भरवशाची भाजी समजावी.

पण या ऋतूचं खरं धन रानात असतं. तरोटा, कुंजीर, घोळ, तांदूळजा, पाथरी, करटुली. निंदायला-खुरपायला जाणाऱ्या मजूर बायका संध्याकाळी परतताना पदरात ही भाजी घेऊन यायच्या. तिला गरिबाची भाजी म्हणून नाक मुरडलं गेलं आणि तिची माहितीही त्याच घरांत राहिली. आज त्या बायकाच या विषयातल्या जाणकार आहेत. कुंजीर कोवळं कुठवर खायचं, तरोट्याची पानं कधी कडू होतात, हे त्यांच्याकडून शिकावं, आणि शिकवण्याचा मान द्यावा. कृषी विभाग पावसाळ्यात रानभाज्यांचे महोत्सव भरवतो, तिथेही भाज्या ओळखायला मिळतात.

इथे एक सावधगिरी ठामपणे सांगतो. सोयाबीन-कापसात आता तणनाशक सर्रास मारलं जातं. आपण ज्यांना रानभाजी म्हणतो, त्यांतल्या बहुतेक तणनाशकाच्या लेखी तणच. त्यामुळे त्या कमी झाल्या आणि ज्या उगवतात त्यांवर औषधाचा अंश असू शकतो. फवारलेल्या रानातली, बांधावरची, नाल्याच्या आणि रेल्वे रुळांच्या कडेची भाजी घेऊ नका. शेतमालकाला विचारल्याशिवाय खुडू नका. ओळख पक्की नसेल तर एकही पान तोंडात घालू नका. मुतखडा असलेल्यांनी घोळ, चुका, पालक यांबाबत डॉक्टरांना विचारावं. त्यांत ऑक्झलेट जास्त असतं.

अंबाडीला मात्र रानात जायची गरज नाही. दोन कुंड्यांत, गच्चीवरच्या जुन्या टबात ती येते. ज्वारीच्या कण्या, तुरीची डाळ किंवा शेंगदाणे घालून शिजवलेली अंबाडी आणि वर लसणाची चरचरीत फोडणी, सोबत भाकरी. परभणी-नांदेडकडच्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. परभणीत विद्यापीठाच्या 18 मेच्या वर्धापनदिनी खरीप मेळावा भरतो, तिथे बियाणं मिळतं. चार घरांनी मिळून आणलं तर भाडंही वाटून जातं.

उन्हाळा म्हणजे साठवणीचे दिवस

मार्चपासून पारा चढतो, एप्रिल-मेमध्ये तो 42-43च्या घरात जातो. मळे आटतात. हिरवी पालेभाजी या दिवसांत कमीच खाल्ली तरी चालेल, कारण ऋतू दुसरं देतो. कैरी, टरबूज, खरबूज, काकडी, शेवग्याच्या शेंगा, ताक, ज्वारीच्या पिठाचं आंबील. आंबील रात्री पीठ ताकात भिजवून सकाळी शिजवायचं, जिरं-लसूण घालून पातळ करून प्यायचं. उन्हात कामाला जाणाऱ्याला बाटलीतल्या रंगीत पाण्यापेक्षा ते शंभरपटीने बरं.

आंबा मात्र घाईने घेऊ नये. मार्चमध्ये दिसतो तो इथला नसतो. मराठवाड्याच्या केशर आंब्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तो आणि आपला गावरान मेमध्ये, जूनच्या तोंडावर येतो. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. वरून एकसारखा पिवळा, आतून आंबट-कच्चा आणि वासाला शून्य असा आंबा असेल तर तो परत करा. पाडाचा आंबा घरी गवतात किंवा कागदात घालून पिकवला तर चार दिवस थांबावं लागतं, पण मनात शंका राहत नाही.

याच काळात वर्षाचं सामान भरलं जातं आणि तिथे स्थानिक खरेदीला सर्वांत मोठी संधी आहे. शेजारच्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दळलेली पूड घेण्याऐवजी हळकुंडं घ्या, दोन दिवस उन्हात तापवा, ओळखीच्या गिरणीतून समोर उभं राहून दळून आणा. तुरीची डाळ गावच्या शेतकऱ्याची तूर घेऊन भरडून आणली तर तिला पॉलिश नसतं. दिसायला थोडी मळकट, पण चवीला गोड. चिंच नवी घ्या, फोडून, मीठ लावून, गोळे करून ठेवा. करडई आणि जवस या आपल्या रब्बीतल्या जुन्या तेलबिया. करडईचं घाण्याचं तेल महिन्याभराचंच आणा, जास्त ठेवलं तर खवट होतं. जवसाच्या तेलात ओमेगा-3 निम्म्याच्या आसपास असतं. महागड्या गोळ्या घेण्याआधी जवसाची चटणी रोज दोन चमचे खाऊन बघा. भाजून कुटलेली चटणी पंधरा दिवसांचीच करा.

सांडगे, मुगवड्या, कुरडया, खारोड्या या वाळवणांचा उपयोग पावसाळ्यात भाजी नसताना होतो. हौस म्हणून सगळे प्रकार करत बसू नका. मूगवडी आणि सांडगे एवढे दोन केले तरी पावसाळ्यातल्या कितीतरी जेवणांची सोय होते.

विचारून घ्या

पूर्णा जंक्शनला तीन दिशांनी गाड्या येतात. 2008 मध्ये अकोल्याची लाईन रुंद झाली, तेव्हापासून तर वाट आणखी मोकळी झाली. बाजारात बाराही महिने सगळं दिसतं, त्यामुळे डोळ्यांनी हंगाम ओळखणं कठीण झालं आहे. त्यावर उपाय साधा: भाजीवाल्या मावशींना विचारा, ‘ही कुठली?’ ज्या स्वतःच्या रानातलं घेऊन बसतात त्या गावाचं नाव घेऊन सांगतात. त्यांच्या टोपलीत चार-पाचच प्रकार असतात, जुड्या लहान-मोठ्या असतात, पानाला एखादं छिद्रही असतं. अशा दोन-तीन जणी धरून ठेवा. त्यांच्याशी पाच-दहा रुपयांवरून घासाघीस करू नका. ज्या दिवशी मेथी संपली असेल त्या दिवशीही त्यांनी तुमच्यासाठी एखादी जुडी बाजूला काढून ठेवलेली असेल.

भाजी घरी आली की आधी निवडा, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, शिजवायच्या आधी धुवा आणि धुतल्यावरच चिरा. चिरून धुतली तर जीवनसत्त्व पाण्याबरोबर वाहून जातं. पावसाळ्यात मिठाच्या पाण्यातून काढून पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवा.

ज्वारी मात्र दुकानातून न घेता शेतकऱ्याकडून घ्यावी असा माझा आग्रह आहे. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. दोन वेळा भाकरी खाणाऱ्या माणसाला दिवसाला साधारण दीडशे ग्रॅम धरा, म्हणजे वर्षाला 55 किलो. चार माणसांच्या घराला सव्वादोन क्विंटल. पहिल्या वर्षी एवढी घेऊ नका, एक क्विंटल घेऊन बघा. दाणा दाताखाली कडक तुटला पाहिजे. काळा पडलेला, बुरशीचा वास येणारा, काढणीला पावसात सापडलेला माल घेऊ नका. आणल्यावर चाळून दोन दिवस कडक उन्हात तापवा, गार झाल्यावर कोरड्या कोठीत किंवा पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून भरा. पावसाळ्याआधी एकदा उघडून ऊन दाखवा.

आणि ज्या शेतकऱ्याची ज्वारी आवडली त्याला विसरू नका. रब्बीची पेरणी दसऱ्याच्या आगेमागे होते. त्याआधी, सप्टेंबरमध्येच, त्याला फोन करून सांगा की यंदा आम्हाला दोन क्विंटल पाहिजे, शेजारच्यांना एक क्विंटल पाहिजे, भाव त्या वेळचा बाजारभाव आणि वर थोडं. जमलं तर काही रक्कम आगाऊ द्या. चार घरांनी असं सांगितलं तर त्याच्या रानात अर्धा एकर ज्वारी नक्की पडते, जनावरांना कडबा होतो, आणि हुरड्याला कुठे जायचं हेही तेव्हाच ठरवून टाका.